चामड्याची कड तासताना: स्काइव्हिंगचा अर्थ, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

घरी पाकीट, पट्टा किंवा पिशवी शिवायला घेणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा त्याच असतात. कड फारच जाड झाली. दुमड बसत नाही, फुगते. शिवण घातली आणि टाक्यांच्या ओळीवरच चामडं फाटलं. पहिल्या दोन ठिकाणी कड तासलेलीच नसते, तिसऱ्या ठिकाणी गरजेपेक्षा जास्त तासलेली असते. तिन्हींचं मूळ एकच आहे. पातं हातात घेण्याआधी कुठे, किती रुंद आणि किती पातळ हे ठरवलेलं नसतं. हाताची सफाई सरावाने येते, पण या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरवता येतात. म्हणून या लेखात तासण्याइतकीच जागा आधीच्या तयारीला दिली आहे.

## आधी शब्द नीट समजून घ्या

पॅटर्नवर, म्हणजे तुकडे कापायच्या कागदी नमुन्यावर, किंवा व्हिडिओत ‘स्काइव्ह’ असा शब्द येतो. अनेक जण तो मोबाइलवर शोधतात, तेव्हा ‘कामचुकारपणा करणे’ असा अर्थ समोर येतो. ती ब्रिटनमधली बोलीभाषा आहे, तिचा आपल्याशी संबंध नाही. चामड्याच्या कामात स्काइव्ह करणे म्हणजे चामड्याच्या मागच्या, म्हणजे मांसाकडच्या बाजूने ठरावीक पट्ट्यापुरता थर तासून जाडी कमी करणे. आपल्याकडचे चर्मकार हेच काम रापीने, म्हणजे चामडं कापायच्या-तासायच्या सुरीने, करत आले आहेत. कोल्हापुरी चपलेचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, तळाच्या दोन थरांमध्ये जातात. तिथे जाडी तशीच ठेवली, तर पायाला उंचवटा लागतो.

या शब्दाच्या आसपासचे काही शब्द गोंधळ घालतात. अख्ख्या तुकड्याची जाडी सारखी कमी करणं म्हणजे स्प्लिटिंग. ते मशीनचं काम आहे, हाताने करायला जाऊ नका. कडेचा टोकदार कोपरा काढून ती गोलसर करणं म्हणजे बेव्हलिंग. ते शिवण झाल्यावर करतात. आणि ‘स्काइव्हर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक तासण्याचं हत्यार, दुसरा मेंढीच्या कातड्याचा वरचा पातळ थर, जो अस्तरासाठी विकला जातो. ऑनलाइन मागवताना फोटो आणि वर्णन दोन्ही पाहा. नाहीतर हत्याराऐवजी अस्तर घरी येईल.

## टप्पा १: पॅटर्नवरची सूचना वाचा

तासणं तीन तऱ्हेचं असतं. पॅटर्नमधला आकडा यातल्या कोणत्या तऱ्हेचा आहे, हे आधी ओळखा.

उतरता तास. आतून कडेकडे जाडी हळूहळू कमी होत जवळपास शून्यावर येते. ‘१० मिमी ते शून्य’ अशी सूचना याच तासाची. दोन पट्ट्या एकावर एक चढवून जोडायच्या असतात किंवा अस्तराखाली लपणारी कड असते, तिथे हा तास वापरतात.

सपाट तास. ठरलेल्या रुंदीचा पट्टा सगळीकडे सारख्या जाडीवर आणतात. ‘८ मिमी, ०.६ वर’ असं लिहिलं असेल तर ८ मिमी रुंदीच्या पट्ट्यात ०.६ मिमी जाडी उरवायची आहे. हा आकडा काढून टाकायचा नाही, शिल्लक ठेवायचा आहे. इथे सर्वांत जास्त लोक चुकतात.

मधली खाच. दुमडीच्या रेषेवर तुकड्याच्या मधोमध पातळ पट्टा काढतात. पाकिटाची घडी, पट्ट्याचं बकलकडचं टोक, पिशवीच्या कडीतून जाणारा बंद अशा जागी ही लागते.

परदेशी पॅटर्नमध्ये जाडी औंसात असते. १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी. ३ ते ४ औंस म्हणजे १.२ ते १.६ मिमी, तर पट्ट्याचं ८ ते ९ औंस म्हणजे ३.२ ते ३.६ मिमी. दुकानात जाण्याआधी सगळे आकडे मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.

> सावध: जिथे टाके पडणार आहेत तिथे शून्यापर्यंत उतरता तास कधीच नको. कडेपासून ३ मिमीवर शिवण आणि कडेला जाडी शून्य, म्हणजे टाक्यांना धरायला काहीच उरत नाही.

## टप्पा २: थरांची बेरीज कागदावर करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच आहे.

साधं पाकीट घ्या. बाहेरचं चामडं १.४ मिमी, आत कार्डांचे दोन कप्पे, प्रत्येकी १ मिमी. बाजूच्या कडेला तीन थर एकत्र येतात: १.४ + १ + १ = ३.४ मिमी. छोट्या पाकिटाला ही कड राठ दिसते आणि खिशात टोचते. आपल्याला साधारण २.४ मिमी हवं. मग १ मिमी कुठून काढायचा?

दोन्ही कप्प्यांतून प्रत्येकी ०.४ काढा, ते ०.६ वर येतील. बाहेरच्या चामड्यातून फक्त ०.२ काढा, ते १.२ राहील. बेरीज २.४. बाहेरच्या थरातून कमी काढण्याला कारण आहे. वापरताना सगळी झीज आणि सगळा ताण तोच थर सोसतो. आतले कप्पे एकमेकांच्या आधाराने टिकतात.

पट्ट्याचं गणित वेगळं. ३.५ मिमीचा पट्टा बकलभोवती दुमडला की जाडी ७ मिमी होते. मागे वळणारा भाग २ मिमीवर आणला, तर ती ५.५ होते आणि लूपमध्ये नीट बसते. बकलच्या दांडीभोवती जिथे वळण आहे, तिथे मात्र २ मिमीच्या खाली जाऊ नका. कमरेचा सगळा ओढा त्याच जागी असतो.

दुमडलेल्या कडेला, म्हणजे चामडं आत वळवून चिकटवायचं असेल तिथे, दोन पर्याय आहेत. समजा चामडं १.२ मिमी आहे आणि ८ मिमी आत वळवायचं आहे. एक, १० मिमीचा पट्टा ०.५ ते ०.६ वर आणा, म्हणजे तास दुमडीच्या रेषेपलीकडे २ मिमी जातो. कड किंचित जाड राहते पण मजबूत असते. दोन, १६ मिमीचा पट्टा ०.६ वर आणा. दुमडल्यावर जाडी मूळच्या चामड्याइतकीच राहते, पण कड मऊ पडते. रोज वापरायच्या वस्तूला पहिला पर्याय घ्या.

> तपासा: प्रत्येक तुकड्याच्या नावापुढे तीन गोष्टी लिहिल्या आहेत का: कोणती कड, किती रुंद, किती जाडी उरवायची? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: चामडं हाताळून पाहा

बाभळीची साल किंवा हिरडा अशा वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेलं चामडं घट्ट असतं. पातं त्यात सरळ जातं. क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं मऊ, लवचिक असतं आणि पात्यापुढे पळतं. सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा.

एकाच कातड्यातही फरक असतो. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. पोटाकडच्या तुकड्याची कड तासताना लांबते आणि लाटेसारखी वाकडी होते. ज्या कडा तासायच्या आहेत, त्यांच्यासाठी पाठीकडचं चामडं राखून ठेवा.

चामड्याचा वरचा दाणेदार थर आणि त्याला लागून असलेले तंतू घट्ट असतात. मागचे तंतू सैल असतात, म्हणूनच तासायचं मागून. वरची बाजू तासली तर रंग आणि पृष्ठभाग जातो, आणि राहतो तो सैल भाग.

चामडं ओलं करावं का? वनस्पतीजन्य चामडं फार कडक असेल, तर मागच्या बाजूने ओलसर स्पंज एकदा फिरवा आणि मूळ रंग परत येऊ लागेपर्यंत थांबा. चिंब चामडं तासू नका, ते फाटतं. क्रोमचं चामडं कोरडंच तासा.

## टप्पा ४: पातं आणि खालची लादी

खाली काच, संगमरवर किंवा पॉलिश केलेला ग्रॅनाइट हवा. स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा उत्तम चालतो. काच घेतली तर ८ ते १० मिमी जाडीची, कडा घासलेली घ्या. कापायच्या हिरव्या मॅटवर तासू नका. मॅट दबते, पातं तिच्यात घुसतं आणि चामड्याला भोक पडतं. लादीवर वाळूचा एक कण राहिला तरी त्या जागी चामडं उचललं जातं आणि तेवढाच ठिपका जास्त तासला जातो. प्रत्येक तुकड्याआधी लादी पुसा.

हत्यारांत तीन पर्याय आहेत.

- सपाट स्काइव्हिंग सुरी किंवा रापी. शिकायला वेळ लागतो, पण सगळी कामं हिच्याने होतात. एका बाजूनेच धार असलेली सुरी घ्या.
- सेफ्टी स्काइव्हर. वाकडं, बदलता येणारं पातं, स्वतःकडे ओढून चालवायचं. कमरेच्या पट्ट्याच्या टोकाला सोयीचं, पण अरुंद कडेवर पात्याचा कोपरा रुततो.
- फ्रेंच स्काइव्हर. पुढे ढकलायचं, दोन्ही बाजूंना उचललेल्या कडा असलेलं हत्यार. मधली खाच काढायला हे सर्वांत सोपं.

नवीन सुरी दुकानातून आली तशी वापरण्याजोगी नसते. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) धारेच्या दगडावर उताराची बाजू घासा. पाठीकडे, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूला, बोटाला धातूची बारीक खरखरीत कड लागेपर्यंत घासायचं. मग पाठ दगडावर पूर्ण सपाट ठेवून ती काढा. नंतर ३००० किंवा त्याहून बारीक दगड, आणि शेवटी हिरवी पॉलिश पेस्ट लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर पातं मागे ओढत फिरवा. पाठ गोलसर झाली तर ती सुरी तासायच्या कामाची राहत नाही. पुढे ढकलताना ती एकतर घसरते, नाहीतर रुतते.

> तपासा: उरलेल्या चामड्याची कड तासून पाहा. पातं जवळपास आवाज न करता गेलं आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी अखंड सोल निघाली, तर धार बरोबर आहे. खरखर आवाज आला, भुसा निघाला किंवा चामडं पात्यापुढे गोळा झालं, तर परत दगडाकडे जा. जास्त जोर लावून धारेची उणीव भरून निघत नाही, फक्त बोट कापतं.

## टप्पा ५: तुकडा मोठा कापा, मग खुणा करा

तासताना कड थोडी ताणली जाते. अचूक मापाचा तुकडा कापून मग तासला, तर तो मापाचा राहत नाही. शिवाय तासायच्या कडेच्या दोन्ही टोकांना पातं नीट बसत नाही आणि कोपरे उचलले जातात. म्हणून ज्या कडा तासायच्या आहेत, तिथे ३ ते ४ मिमी जास्त ठेवून कापा. तासणं झाल्यावर पॅटर्न पुन्हा ठेवून अंतिम रेषेवर कापा. टोकाचे बिघडलेले कोपरेही त्यात निघून जातात.

खुणा मागच्या बाजूने, दोन रेषांच्या:

1. अंतिम कापाची रेषा.
2. तासाची आतली हद्द, अंतिम रेषेपासून मोजलेली. सध्याच्या वाढीव कडेपासून मोजली तर पट्टा ३-४ मिमी अरुंद होईल.

पेन्सिल किंवा चंदेरी शाईचा पेन वापरा. बॉलपेनची शाई पातळ चामड्यातून पुढे उमटू शकते.

## टप्पा ६: उरलेल्या तुकड्यावर पूर्ण तालीम

त्याच चामड्याचा, त्याच दिशेचा, दहाएक सेंटिमीटरचा तुकडा घ्या. ठरलेली रुंदी आणि जाडी साधा. मग तो दुमडा, चिकटवा, टाके घाला आणि जोर लावून ओढा. फाटला तर ०.१ ते ०.२ मिमी जास्त उरवायचं ठरवा. फुगला तर तेवढंच कमी. पॅटर्नमधला आकडा दुसऱ्या चामड्यावर ठरवलेला असतो, तुमच्या हातातल्या चामड्याचा आकडा इथेच कळतो.

## टप्पा ७: प्रत्यक्ष तासणं

उभं राहून किंवा उंच बसून काम करा, खांदा हाताच्या वर हवा.

१. चामडं ठेवणं. दाणेदार बाजू खाली, मागची बाजू वर. तासायची कड लादीच्या काठाशी समांतर. मोकळ्या हाताची बोटं पात्याच्या मागे, चामडं दाबून किंचित ताणून धरायचं. पात्याच्या वाटेत एकही बोट नको, क्षणभरही नको.

२. पातं टेकवणं. सपाट पाठ खाली, चामड्याकडे. धारेचा उतार वर. पातं जवळजवळ आडवं, टोकाकडे किंचितच झुकलेलं. नवशिक्याचा कोन नेहमी जास्त असतो. त्यामुळे उतार तयार होण्याऐवजी पायरी पडते.

३. पहिली सोल कडेवरच. आतल्या रेषेपासून सुरुवात करू नका. आधी अगदी कडेची २-३ मिमीची बारीक सोल काढा. दुसऱ्या फेरीत पातं आणखी आडवं करून आत सरका, तिसऱ्या फेरीत हद्दीच्या रेषेपर्यंत या. प्रत्येक फेरीत थोडंच काढायचं. सपाट तास हवा असेल, तर याच रीतीने उतार करून मग उरलेला आतला उंच भाग समांतर धरलेल्या पात्याने खाली आणा.

४. हालचाल तिरकी. पातं सरळ पुढे ढकलू नका. ते पुढे जाताना बाजूलाही सरकलं पाहिजे, म्हणजे धार चामडं कापत जाते. हालचाल मनगटातून नको, कोपर आणि खांद्यातून हवी. मनगट वळलं की पात्याचा कोन बदलतो.

५. टोकाजवळ. शेवटचे एक-दोन सेंटिमीटर राहिले की तुकडा फिरवा आणि आतून टोकाकडे, बाहेर जाणाऱ्या दिशेने तासा. टोकावर पातं टेकवून आत यायला गेलात, तर चामडं त्याच्यापुढे गोळा होतं.

६. मधूनमधून धार. क्रोमचं चामडं पातं लवकर बोथट करतं. दर काही फेऱ्यांनंतर पातं पट्टीवर फिरवा. पहिला आवाज बदलला, तर तेवढंच कारण पुरे.

मधल्या खाचेसाठी फ्रेंच स्काइव्हरने रेषेच्या मधून सुरुवात करून दोन्हीकडे सरकत जा. तळ गोलसर ठेवा. खाचेच्या भिंती उभ्या राहिल्या, तर पाकीट उघडमिट करताना त्या कोपऱ्यावरच चिरतं.

> सावध: सोल अर्ध्यात तुटली तर पातं त्याच जागी पुन्हा रुतवू नका, तिथे खड्डा पडतो. ५ सेंमी मागून, आधीच्या तासावरून सरकत या.

## टप्पा ८: मोजा

बोटांवर भरवसा ठेवू नका. व्हर्नियर कॅलिपर किंवा जाडीमापक लावा आणि तासलेल्या कडेच्या लांबीत दर ३-४ सेंटिमीटरवर मोजा. मऊ चामड्यावर जबडा दाबलात तर आकडा खोटा कमी येतो. टेकेल इतकाच दाब द्या. ०.१ मिमीचा फरक चालतो. ०.३ मिमीचा उंचवटा दुमडल्यावर बाहेरून दिसतो.

मग चामडं दाणेदार बाजू वर करून उजेडात तिरकं धरा. हद्दीच्या रेषेवर बाहेरून ओळ उमटलेली दिसली, तर तिथे पायरी पडली आहे. आत आणखी २-३ मिमी फार हलक्या फेरीने ती मिटवा. वनस्पतीजन्य चामड्यावर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला १८० ग्रिटचा पॉलिश पेपरही चालतो. क्रोमच्या चामड्यावर तो तंतू फक्त उसकटतो.

आता अंतिम रेषेवर कापा.

## टप्पा ९: गोंद, दुमड, शिवण

क्रम हाच: तासणं, अंतिम काप, गोंद, दुमड, शिवणीच्या खुणा आणि भोकं, शिवण, शेवटी कडेचं बेव्हलिंग आणि पॉलिश. भोकं आधी पाडून मग तासलं तर ती लांबट होतात. चिकटवल्यावर तासायला गेलं तर गोंद पात्याला लागतो आणि धार एका फेरीत जाते.

पातळ भागावर रबर सोल्युशन कमी लावा, दोन्ही पृष्ठभागांवर, एकदाच. जास्त लावलं तर फिक्या रंगाच्या चामड्यातून डाग वर येतो. बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू द्या, मग दुमडा. आरीच्या पाठीने दुमडीची रेषा आतून दाबून घ्या आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने हलकं ठोका. गोल कोपऱ्यावर चुण्या येतात. तिथे आधीच ०.३ ते ०.४ मिमीपर्यंत तासून ठेवा आणि आरीच्या टोकाने बारीक, सारख्या चुण्या पाडत बसवा. टाके या चुण्यांच्या आत, जाड भागातून जाऊ द्या.

## बिघडलं तर काय करायचं

दाणेदार बाजूपर्यंत भोक पडलं. तुकडा बदला. बाहेरच्या थरावर ठिगळ लपत नाही. आतल्या कप्प्यात, अस्तराखाली लपणारी जागा असेल तरच मागून पातळ तुकडा चिकटवा.

एका जागी जास्त पातळ झालं, पण भोक नाही. मागून अस्तराच्या पातळ चामड्याची पट्टी उतरता तास देऊन चिकटवा. पट्टी खराब जागेच्या दोन्हीकडे किमान १ सेंमी जास्त हवी आणि शिवण तिच्यातून गेली पाहिजे. पट्ट्याच्या बकलकडे मात्र ही दुरुस्ती नको, ते टोक कापून नव्याने तासा. पट्टा थोडा आखूड होईल. म्हणूनच पट्टा कापताना बकलकडे ५ सेंमी जास्त ठेवावं.

कड लाटेसारखी झाली. चामडं सैल होतं किंवा ते ताणून तासलं गेलं. वनस्पतीजन्य चामडं असेल तर ओलसर करून लादीवर सपाट पसरा, वर दुसरी लादी ठेवून रात्रभर सुकू द्या आणि मग अंतिम रेषेवर कापा. क्रोमच्या चामड्याला हा उपाय क्वचितच लागू पडतो.

दुमड उलगडते. गोंदाला दोष देण्याआधी जाडी मोजा. दुमडीच्या रेषेवर तास संपत असेल तर चामडं तिथे जाडच राहिलं आहे आणि ते परत सरळ होऊ पाहतं. दुमड उघडा, रेषेपलीकडे २ मिमी आत तासा, जुना गोंद रबरासारखा चोळून काढा आणि मगच नवा लावा.